काळा पट्टा आणि जर्मनचं भगोणं

माझ्या नवऱ्याची उमेदीची सगळी वर्षं मी एका दुपारी जर्मनच्या भगोण्यात घालून उकळली. वर ताटही झाकलं, वाफ वाया जाऊ नये म्हणून.

नातींना हे सांगितलं की त्यांना वाटतं, आजी काहीतरी अध्यात्मातलं बोलून राहिली. अध्यात्म कशाचं? मी कापड रंगवत होते. त्या वयात माझ्या अंगात दोनच गुण होते, उत्साह आणि अज्ञान, आणि दोन्ही भरपूर होते.

आमचे हे (नाव घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती, आणि आता घ्यावं तर ओ द्यायला ते नाहीत) लातूरच्या एका शाळेत कवायतीचे मास्तर होते. तरुणपणी सासऱ्यांनी त्यांना कापडाचा धंदा शिकायला हैदराबादला चुलत्याकडे धाडलं होतं. हे तिथून कराटे शिकून आले. कापड म्हणून सोबत काय आणलं, तर कमरेचा एक काळा पट्टा. सासरे मरेपर्यंत तो पट्टा बघून म्हणायचे, "एवढ्या वर्षांत पोरानं दीड वार माल उचलला."

संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये ह्यांचा क्लास असायचा. पोरंपोरी दाराशी चपला काढून, पांढरे कपडे घालून ओळीत उभी राहायची आणि एकदम ओरडायची. लग्न होऊन आले तेव्हा मला आधी ते पांढरे कपडेच खटकले. सवाष्णीच्या घरात दोरीवर रोज पांढरं वाळत घालायचं म्हणजे काय? पण पट्ट्यांचा हिशेब मात्र मला लगेच कळला. म्हणजे मला तसं वाटलं. नवं पोर आलं की पांढरा पट्टा, मग पिवळा, हिरवा, पुढं तपकिरी, आणि शेवटी काळा. जितका गडद तितका माणूस मोठा. यात न कळण्यासारखं काय आहे? कारकून, अव्वल कारकून, तहसीलदार. माझा नवरा तहसीलदार.

आता तहसीलदाराच्या वर कलेक्टर असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. ह्यांचे गुरू, ज्यांना सगळे मोठे सर म्हणायचे, त्यांचा फोटो आमच्या बैठकीत होता. त्यांच्या कमरेला लाल-पांढऱ्या तुकड्यांचा पट्टा होता, थेट रेल्वे फाटकाच्या दांडीसारखा. मला वाटलं, म्हाताऱ्याला काळं कापड कमी पडलं असेल, मग घरातल्या तुकड्यांनी जोडून घेतलं असेल. हे मी ह्यांना कधी विचारलं नाही. संसारात विचारायला दुसरं भरपूर असतं: गॅस आला का, दळण आणलं का, तुमची बहीण किती दिवस राहणार आहे.

पट्ट्याबद्दल ह्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती, लग्नाच्या पहिल्या आठवड्यात. "हा धुवायचा न्हाई."

"का?"

"धुवायचा न्हाई."

झालं. नवीन नवरी पुढं काय विचारणार? पट्टा देवघराशेजारच्या खिळ्याला लटकलेला असायचा. वर्षं गेली तसा तो विटत चालला. वरचं काळं सूत झिजलं, आतलं पांढरं कापड दिसायला लागलं, आधी गाठीपाशी, मग कडांना. मला आपली लाज वाटायची. देवाला रोज नवं फूल, आणि बाजूला हे फडकं.

मग भूकंप झाला. गणपती बुडवून लोक झोपले होते, त्या पहाटेला. लातूर शहरात आमच्या भिंतींना भेगा गेल्या, एवढंच. खाली औसा-किल्लारीकडे काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे, मी वेगळं सांगत नाही. ह्यांच्या क्लासातली दोन पोरं तिकडच्या एका गावची होती, सणाला घरी गेलेली. हे त्याच दिवशी निघाले. निघताना खिळ्यावरचा पट्टा काढला आणि सदऱ्यावरूनच कमरेला करकचून बांधला. दगड उचलायचे तर पाठीला आधार लागतो. आठवडा उलटून गेल्यावर परत आले. पट्टा पुन्हा खिळ्याला अडकवला. पोरांचं मी विचारलं नाही. ते तोंडावरच दिसत होतं.

पट्टा आता काळा म्हणायच्या लायकीचा राहिला नव्हता. घासून घासून पार पांढुरका झालेला, वर मातीचे थर. मी म्हणाले, "एवढ्या वेळेला तरी धुऊ द्या."

"न्हाई."

त्यानंतर लई दिवस सगळं लातूर घराबाहेर झोपायचं, अंगणात, रस्त्यावर, पत्र्याखाली. वरच्या मजल्याचं नाव काढलं तरी बायकांना घाम फुटायचा. आणि मग क्लासेस आले. म्हणजे होतेच, पण आता नुसता पूर आला. गावोगावची पोरं ट्रंका घेऊन डॉक्टर व्हायला लातूरला उतरायला लागली, त्यांना राहायला खोल्या पाहिजेत. जे लोक छताला भिऊन रस्त्यावर झोपत होते, त्यांनीच भाडेकरू पोरांसाठी घरावर दुसरा मजला चढवला, कुणी तिसराही. मालक खाली अंगणात आणि दुसऱ्याचं पोर वर. आम्हीही एक खोली चढवली. मी कुणाला कशाला नावं ठेवू?

आमच्या शेजारी बिराजदार सर राहायचे, केमिस्ट्रीचा क्लास चालवायचे. आधी दारावर पाटी होती, मग गच्चीवर बोर्ड आला, आणि पुढं बोर्ड एवढा वाढला की आमच्या तुळशीवर दुपारनंतर सावली. त्यांची बायको माझी मैत्रीण. मैत्रीण म्हणजे जिच्यामुळे आपल्याला रोज थोडं कमी वाटतं ती. एक दिवस साखर मागायला आली आणि खिळ्याकडं बघून म्हणाली, "वैनी, हे काय हो दावं लटकवलंय?"

"दावं न्हाई ते. ह्यांचा काळा पट्टा हाय."

"काळा?" ती जवळ गेली. (जाड भिंगाचा चष्मा होता तिला, तरी जवळ गेली.) "माझ्या माहेरी देवणीला बैलाचं दावं पण यापेक्षा बरं ऱ्हातंय. सर मोठे माणूस हायेत, तुम्ही जरा लक्ष द्यावं."

साखर घेऊन ती गेली. दावं माझ्याकडंच राहिलं.

त्याच सुमारास शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांनी ह्यांना बोलावलं. म्हणाले, मास्तर, तुमच्या क्लासला पोरं राहिली किती? सगळी ट्यूशनला. जूनपासून हॉल सरावपरीक्षांना द्यायचा विचार आहे. हे म्हणाले, मोठे सर एप्रिलमध्ये नांदेडला येत आहेत. काळ्या पट्ट्यातही पायऱ्या असतात, त्यातल्या पाचव्या पायरीची परीक्षा ते स्वतः घेणार आहेत. ती मिळाली तर मराठवाड्यात मी एकटा. अध्यक्षांना 'मराठवाड्यात एकटा' हे शब्द आवडले. म्हणाले, "तसं झालं तर संस्थेचीच शान. मग हॉल तुमचा, कोण काढून घेतंय? न्हाई झालं तर मात्र मला बोलू नका."

म्हणजे सगळं त्या एका दिवसावर आलं होतं. हे पहाटे गच्चीवर सराव करायला लागले. शांत माणूस, पण भाकरी खातानासुद्धा हात हवेत फिरायचे, ताटातली चटणी माझ्या पदरावर. आणि मी विचार करून राहिले, नवऱ्याला मदत कशी करावी. तो एवढ्या मोठ्या माणसापुढं उभा राहणार, सगळ्या जिल्ह्यांतली माणसं जमणार, आणि कमरेला बैलाचं दावं. परीक्षक आधी काय बघणार? कपडेच ना?

धुवायचा नाही, हे पक्कं होतं. पण रंगवायचा नाही असं ते कधी म्हणाले होते का? मी सगळा संसार आठवून बघितला. नव्हते म्हणाले.

रंगाचं पुडकं गंजगोलाईच्या बाजारातून आणलं. पुडक्यावरची अक्षरं एवढी बारीक की वाचायला मुंगीला बसवावं लागलं असतं. मग मी तज्ज्ञाकडं गेले. बिराजदार सर बोर्डाखाली खुर्ची टाकून बसले होते.

"सर, सुती कापडाला काळा रंग पक्का बसवायचा तर काय करावं हो?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आठवून राहिले. डोळे उघडून म्हणाले, "हे सिलॅबसमध्ये नाही."

"पण तुम्ही तर केमिस्ट्रीचे..."

"रंगांचा धडा आहे, पण त्यावर प्रश्न येत नाही. म्हणून आम्ही तो शिकवत नाही."

आतून बिराजदारबाईंनी उत्तर दिलं. "वैनी, त्यात काय विचारायचं? चांगलं उकळायचं. आणि नंतर खळबळून धुवायचा न्हाई बरं का, धुतला की रंग जातो."

केमिस्ट्रीवाल्याच्या घरातून आलेलं वाक्य. मी शंका घेतली नाही. शिवाय 'धुवायचा न्हाई' हे आमच्या घरात आधीच चालत आलेलं होतं.

आता या सगळ्यात एक माणूस घरात असं होतं, ज्याला पट्ट्याबद्दल सगळं माहीत होतं. आमची लेक सुनी. लहानपणापासून बापाच्या क्लासला जायची, तपकिरी पट्ट्यापर्यंत पोचली होती. पण तिची अकरावी संपली, आणि अकरावी संपली की लातूरमध्ये दुसऱ्या दिवशी बारावी सुरू व्हायची. सुट्टी हा शब्द फक्त सुट्टीच्या बॅचसाठी वापरायचे. कराटे मी बंद करून टाकलं होतं. बारावीच्या पोराशी बोलायचं नाही, असा गावाचा कायदाच होता. आमच्याकडं टीव्हीवर चादर होती, पाहुण्यांना दारातूनच पाणी, आणि डाळ मी शिट्टी न होता शिजवायची, म्हणजे कुकर सोडून. सुनीच्या खोलीत मी चहा ठेवून यायची तर पाऊल न वाजवता. पुजारी गाभाऱ्यात जाताना एवढा भिऊन जात नसेल.

हे शाळेच्या कामाला अहमदपूरला गेले होते ती दुपार मी धरली. मागच्या अंगणात चूल पेटवली, अंघोळीचं पाणी तापवायचं भगोणं चढवलं आणि पट्टा आत सोडला. आधी साध्याच पाण्यात, मळ निघावा म्हणून (याला धुणं म्हणत नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं). केवढा मळ निघाला म्हणून सांगू. राखाडी-पांढरं, दाट, ताकासारखं पाणी. मला इतकं समाधान वाटलं की ते पाणी मी बिराजदारबाईंना भिंतीवरून दाखवलं.

"बगा, केवढी घाण."

"अगं बाई गं," त्या म्हणाल्या. "माणसं कमरेला काय काय बांधून फिरतात."

पाणी मोरीत ओतलं. मग रंग. हलवायला चिंचेची काडी. अर्ध्या-पाऊण तासानं काडीनं उचलून बघते तर पट्टा काळाभोर, ओला, चमकदार, जसा आत्ताच कात टाकलेला नाग. दोरीवर वाळत टाकला. एवढ्यात सुनीच्या खोलीची खिडकी उघडली आणि तिचं डोकं बाहेर आलं.

"आई, ते काळं काय हाय? ते बाबांचं..."

"अभ्यास कर."

"अगं पण आई, ते जर..."

"सुनी, एक मार्क गेला तर कॉलेज जातंय. खिडकी लाव."

तिनं खिडकी लावली. गुणी पोरगी होती. मीच तशी करून ठेवली होती.

पट्टा वाळल्यावर ह्यांच्या पांढऱ्या कपड्यांच्या घडीत गुंडाळून पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड बांधून टाकलं. हे आले तर खिळा रिकामा. विचारलं त्यांनी, मी म्हणाले, "भरलाय पिशवीत. तुम्ही नुसते चला." मला त्यांना चकित करायचं होतं. बायकांना नवऱ्याला चकित करायची हौस का असते कोण जाणे. सांगून केलं असतं तर वाचला असता बिचारा.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही नांदेडला गेलो. सुनीचं जेवण बिराजदारबाईंकडं लावलं होतं. रस्ताभर मी मनातल्या मनात हसत होते. ह्यांना वाटलं मला नांदेड बघायला मिळणार म्हणून हसतेय.

परीक्षा एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणं अजून लोंबत होती आणि स्टेजवर 'शुभविवाह' अशी थर्मोकोलची अक्षरं. त्या 'शुभविवाह'खाली मोठे सर बसलेले, पांढऱ्या कपड्यांत, कमरेला ते फाटक. कपडे बदलायला पुरुषांना वधूपक्षाची खोली दिली होती. हे पिशवी घेऊन आत गेले. मी दाराबाहेर उभी, कान टवकारून.

आतून पिशवीची गाठ सुटल्याचा आवाज आला. मग दार उघडलं. हे पट्टा बांधून बाहेर आले. माझ्याकडं बघितलं.

"तू केलंस?"

"हाव. कसा झालाय?"

ते पट्ट्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "छान झालाय."

आयुष्यात माझ्या कोणत्याही गोष्टीला ते छान म्हणाले नव्हते. पुरणपोळीला 'चालतंय' म्हणायचे. मी हरखले. काहीतरी चुकलंय हे ओळखायची तीच वेळ होती.

ह्यांची पाळी आली तेव्हा दुपार झाली होती. नांदेडचा एप्रिल, वर पत्रा, पंखे फक्त नवरा-नवरीच्या खुर्च्यांवर. हे मधे जाऊन उभे राहिले, वाकले आणि सुरू झाले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण हॉल गप्प झाला एवढं कळलं. एवढा मोठा माणूस, पण पावलाचा आवाज नाही. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "कोण हो हे?" मी म्हणाले, "आमचेच." आणि तेवढ्यात मला त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर एक काळी रेघ दिसली.

मला वाटलं सावली असेल. सावली खाली सरकत गुडघ्यापर्यंत आली. मग दुसरी रेघ. मग सदऱ्यावर पोटापाशी एक डाग, तो पसरत पसरत औरंगाबाद जिल्ह्याच्या नकाशाएवढा झाला. हात पट्ट्याला लागले की हात काळे, हात तोंडापुढं आले की नाक काळं. घाम जेवढा जास्त तेवढा रंग जास्त, आणि हे थांबेनात. कुणीतरी हसलं. शेवटी त्यांनी गुडघ्यावर बसून कपाळ जमिनीला टेकवलं आणि उठले, तर मंगल कार्यालयाच्या पांढऱ्या फरशीवर काळ्या कपाळाचा ठसा.

मोठे सर स्टेजवरून खाली उतरले. ते हैदराबादचे, बोलणं दखनी. आमच्या निजामाच्या मुलखातल्या माणसाला दखनी समजायला अडचण पडत नाही. पडली असती तर बरं झालं असतं.

"मैं सर्टिफिकेट नहीं देखता," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मैं पट्टा देखतूं. सबकू मालूम है." त्यांनी ह्यांच्या पट्ट्याचं टोक बोटांत धरलं. बोटं काळी झाली. "कैकू रंगाए इसकू?"

हे म्हणाले, "चूक झाली, सर. माझी चूक आहे."

इथं शहाणी बाई गप्प बसली असती. मी उठले. पायात कुणाच्या तरी चपला अडकल्या, त्यांतून वाट काढत पुढं गेले. "त्यांची कशाची चूक? मी रंगवला. मळका झाला होता, विटला होता, लोक दावं म्हणत होते. बाईमाणसाच्या घराला लाज नको?"

हॉल हसला. मोठे सर हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "बहन, सबसे बडा पट्टा कौनसा?"

"काळा," मी म्हणाले. मला वाटलं एवढं तरी येतंय आपल्याला.

त्यांनी स्वतःच्या कमरेला हात लावला. "तो ये सफेद किधर से आया?"

मी म्हणणार होते, घरातले तुकडे. नाही म्हणाले. देवानं तेवढी तरी अक्कल त्या क्षणी दिली.

मग त्यांनी सांगितलं, आणि ते काही रागानं सांगितलं नाही, म्हणून जास्त लागलं. माणूस पांढऱ्या पट्ट्यानं सुरू होतो. मातीनं, घामानं पट्टा काळपटत जातो, म्हणून काळा. पण काळा म्हणजे शेवट नव्हे. मग तो काळा झिजतो, आणि आतला पांढरा पुन्हा वर येतो. तिथं पोचायला जन्म लागतो, आणि तिथं पोचलेल्या माणसाला कळतं की आपण पुन्हा नवीन पोरगाच आहोत. म्हणून वरच्या पायऱ्यांच्या पट्ट्यांत पांढरा परत येतो. "तुम्हारे साब सफेद हो गए थे," ते मला म्हणाले. "तुम उनकू फिर से काला कर दिए."

कुणी हसलं नाही आता. मी म्हणाले, "मग द्या ना त्यांना पाचवी पायरी. ते पांढरे झाले होते असं तुम्हीच म्हणून राहिलात."

"पिछले बरस एक आदमी पट्टा फरशी पे घिस के लाया, पुराना दिखने कू. मैं उसकू वापस भेजा. बोला, पट्टा जो बोलेगा वही मानूंगा. अब मेरे दोस्त का पट्टा आया तो मैं आंखें बंद कर लूं?" ते ह्यांच्याकडं वळले. "फिर से घिस जाने दो. अगले बरस लाओ."

हे वाकले. मोठे सरही वाकले, गरजेपेक्षा जास्त वेळ. मग ते स्टेजवर गेले आणि काळी बोटं कशाला पुसावी ते न कळून त्यांनी लग्नातलं एक झेंडूचं फूल घेतलं.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं, हे बाजूला. नाकावर अजून काळं होतं, मला सांगायचं धाडस होईना. लोहा येईपर्यंत मी गप्प बसले. मला तेवढंच जमतं.

"अहो, घरी ब्लीचिंग पावडर हाय. पांढरा करून देऊ का?"

"न्हाई."

"मग थोडा दगडावर घासू? गाठीपाशीच नुसता."

"तू आता काही करू नकोस," ते म्हणाले. "काहीच करू नकोस."

मग आपण होऊन विचारलं, "रंगवायच्या आधी उकळलास का पाण्यात?"

"हाव. लई मळ निघाला. पांढुरका, ताकासारखा. बिराजदारबाईनं पण बघितला."

"पाणी कुठं टाकलंस?"

"मोरीत."

त्यांनी मान फिरवली. मला वाटलं रुसले. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मला समजलं. किल्लारीकडची ती घरं पांढऱ्या मातीची होती, भिंती त्याच मातीच्या आणि वरची माळवदंही त्याच मातीची. ती दोन पोरं त्याखाली गेली होती. तो पट्टा ह्यांनी धुऊ दिला नव्हता तो काही कराट्यासाठी नव्हता, निदान भूकंपानंतर तरी नव्हता. आणि मी ती माती भिंतीवरून शेजारणीला दाखवली होती. घाण म्हणून.

चहा घेता का, म्हणून विचारलं मी. घेतो म्हणाले. आम्ही चहा घेतला.

पुढच्या वर्षी मोठे सर नांदेडला आले नाहीत, त्याच्या पुढच्या वर्षी ते राहिलेच नाहीत. हॉल तर परीक्षेनंतरच्या जूनमध्येच सरावपरीक्षांना गेला. अध्यक्षांनी ह्यांना वाऱ्यावर सोडलं नाही हो, चांगला माणूस. त्याच हॉलमध्ये रविवारी पेपरावर लक्ष ठेवायला उभं केलं. हे दाराशी चपला काढून आत जायचे आणि बाकांच्या रांगांतून अनवाणी फिरायचे. पोरांना वाटायचं सरांचा काहीतरी नवस आहे. एकानं तर सरांचा नवस लागू पडावा म्हणून स्वतःच्याही चपला काढल्या, आणि म्हणे तो मेडिकलला लागला. दुसऱ्या वर्षी दारात चपलांचा ढीग.

आमची सुनी मेडिकलला लागली नाही. थोडक्यात हुकली. किती थोडक्यात, ते बिराजदारबाई मला आजही सांगतात. बी.एस्सी. झाली, आता नांदेडला एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. मी एकदा तिला विचारलं, तेव्हा खिडकीतून काय सांगणार होतीस? म्हणाली, "सांगू दिलंस का तू? आता काय करायचंय." आणि पेपर तपासायला बसली. तिला आता मी अभ्यास कर असं म्हणू शकत नाही.

हे शेवटपर्यंत गच्चीवर पहाटे एकटेच सराव करायचे, कमरेला तोच पट्टा. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते आणि फिटंफाट झाली असती. ते गेले तेव्हा पट्टा गाठीपाशी नखाएवढा पांढरा झाला होता. जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, त्यांच्यासोबत ठेवायचाय तर जरा स्वच्छ करून ठेवा. मी त्या बाईला दाराबाहेर काढलं. (पुढं कळलं ती आमची नात्यातलीच होती. येणंजाणं बंद आहे.)

माझं म्हणाल तर माझे केस अजून काळेभोर आहेत. पंधरा दिवसांनी मेंदी आणि वरून रंग. परवा धाकटी नात, तिचाही कराट्याचा पांढरा पट्टा आहे, मला न्याहाळून म्हणाली, "आजी, पांढरं म्हणजे सगळ्यात वरचं ना? मग तू काळे कशाला करतेस?"

मी म्हणाले, "बाळा, तो पांढरा मिळवायला तुझे आजोबा जन्मभर झिजले. मला तो नुसतं बसून मिळालाय. झाकायला नको?"